जाळी तुटली हे सांगणाऱ्याचं पुढे काय झालं?

ती जाळी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. परातीएवढी गोल, स्टीलची, आणि कडेपासून चार बोटं आत एक तार तुटून वर आलेली. तार केसाएवढी बारीक.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी तेव्हा शिफ्ट इन्चार्ज होतो. गोळ्या करण्याआधी पावडर चाळून घेतात. चाळण्याआधी जाळी तपासायची, चाळून झाल्यावर पुन्हा तपासायची आणि दोन्ही वेळा बॅच रेकॉर्डवर नोंद करून सही करायची, असा नियम. त्या रात्री पहिल्या तपासणीत जाळी धड होती, दुसऱ्या तपासणीत तुटलेली निघाली. तुटलेला तुकडा पावडरीत गेलेला असू शकतो, एवढं कळायला अनुभव लागत नाही. पहाटेचे चार वाजले असतील. ऑपरेटर बावीस-तेवीस वर्षांचा, डिचोलीकडचा. त्याने मला इंटरकॉमवरून बोलावलं. गाऊन चढवून मी आत गेलो तेव्हा तो दोन्ही हातांनी जाळी उजेडाकडे धरून उभा होता. म्हणाला, "सर, एक गजाल सांगपाची आसा."

मी जाळी पाहिली आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तुवें पयलीं सारकी पळयली ना?"

आधी तू नीट पाहिली नाहीस, असाच त्याचा अर्थ. खोलीत आणखी तिघं होते. त्यांनी ते ऐकलं. बॅच होल्डवर गेली, चौकशी झाली, अहवालात मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरची चूक' आणि उपाय म्हणून 'पुन्हा प्रशिक्षण' असं लिहिलं गेलं. त्या अहवालाखाली माझी सही आहे.

त्यानंतर चौदा महिने माझ्या पाळीतून एकही डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीबाहेर काही घडल्याची नोंद, आलं नाही. मासिक आढाव्यात माझ्या पाळीचं नाव घेऊन कौतुक झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग जाळ्यांची वार्षिक मोजणी झाली आणि दोन जाळ्या तुटलेल्या निघाल्या. त्या केव्हा तुटल्या, कुठल्या बॅचला वापरल्या, याची कुठेही नोंद नव्हती. ते प्रकरण मी वर कळवलं, त्या काळातल्या बॅचांचे कागद पुन्हा उघडले गेले. गोळ्या पुढे मेटल डिटेक्टरमधून जातात आणि तिथे काही सापडलं नव्हतं, एवढाच दिलासा. पण कोणाला तरी जाळी तुटलेली दिसली होती. एकदा नव्हे, दोनदा. आणि ती माणसं माझ्याकडे आली नव्हती.

त्या मोजणीनंतर मला जे कळलं तेच या लेखात सांगायचं आहे. कामाच्या ठिकाणचा विश्वास साहेबाच्या बोलण्यावर उभा राहत नाही, त्याच्या मनात काय आहे यावर तर मुळीच नाही. वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे बाकीचे बघतात आणि त्यावरून ठरवतात.

गेल्या काही वर्षांत 'ऑथेंटिक लीडरशिप' हा शब्द आपल्याकडे फार ऐकू येतो. मराठीत कोणी 'अस्सल नेतृत्व' म्हणतं, कोणी 'प्रामाणिक नेतृत्व'. देशभरच्या कंपन्या टीम बांधायला म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावर येतात आणि इथल्या कंपन्याही कांदोळी-कळंगुटच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये दोन दिवस जातात. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, असा एक खेळ असतो. वरिष्ठांनी स्वतःच्या आयुष्यातला एक कठीण प्रसंग सांगायचा, असा दुसरा. मी दोन्ही केलेत. दुसऱ्या खेळात माणसं खरोखर रडतात आणि ते रडणं खोटं नसतं. त्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार त्या शब्दातून काय गाळलं गेलं, याबद्दल आहे.

या कल्पनेचा जन्म आठवून पाहावा. मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीचे माजी प्रमुख बिल जॉर्ज यांनी २००३ साली ती लोकांपुढे आणली, तेव्हा एनरॉन आणि वर्ल्डकॉम या अमेरिकन कंपन्यांचे घोटाळे अगदी ताजे होते. खोटे हिशेब, खोटा नफा आणि ते ठाऊक असूनही गप्प बसलेली माणसं, या पार्श्वभूमीवर हा शब्द आला. पुढे २००८ मध्ये संशोधकांनी या कल्पनेची मोजणी करता यावी म्हणून चार अंगं मांडली. स्वतःची जाण, नात्यांतला मोकळेपणा, आतून आलेली नीती आणि चौथं, आपल्या मताविरुद्ध जाणारी माहिती ऐकून, तोलून मग निर्णय घेणं. आपल्या कार्यशाळांतून पहिली दोन अंगं शिकवली जातात, कारण ती दोन दिवसांत शिकवता येतात. तिसऱ्यावर एखादी स्लाइड असते. चौथं अंग रिसॉर्टमध्ये शिकवता येत नाही. ते पहाटे चार वाजता, बॅच होल्डवर जाणार हे दिसत असताना, समोर तुटलेली जाळी धरून उभ्या असलेल्या पोराच्या चेहऱ्याकडे बघतानाच शिकावं लागतं.

'अस्सल' हा शब्द आपण सोन्याला लावतो, तुपाला लावतो, नोटेला लावतो. सोनं अस्सल आहे की नाही हे सोनार कसाला लावून ठरवतो, सोन्याला कोणी विचारत नाही. साहेबांच्या बाबतीत मात्र आपण हा निवाडा साहेबांवरच सोपवलेला आहे. त्यातूनच आपल्या कचेऱ्यांतलं एक जुनं वाक्य जन्माला आलं असावं: 'तोंडाने फटकळ, पण मनाने चांगला.' प्रत्येक खात्यात असा एक माणूस असतो. तो आरडाओरडा करतो, चारचौघांत पाणउतारा करतो, आणि निवृत्तीच्या समारंभात त्याच्याबद्दल सगळे हेच वाक्य बोलतात. तो स्वतःही म्हणत असतो, मी आहे हा असा आहे, पोटात एक ओठात एक मला जमत नाही.

मला या माणसाच्या मनाबद्दल शंका नाही. पण हाताखालच्या माणसाला त्या चांगल्या मनाचा काही उपयोग होत नाही, कारण त्याची गाठ पडते ती तोंडाशी. मन चांगलं असलेल्या साहेबाला वाईट बातमी सांगायची हाताखालच्यांना भीती वाटत असेल, तर ती बातमी अडणारच. हर्मिनिया इबारा या व्यवस्थापनाच्या अभ्यासक प्राध्यापिकेने २०१५ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. 'मी माझ्याशी प्रामाणिक आहे' हे बदलायला नकार देण्याचं निमित्त होऊ शकतं, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं, कारण पहाटे चार वाजताचं माझं ते वाक्य शंभर टक्के अस्सल होतं. मनात आलं तेच तोंडावाटे गेलं. तिथे मी थोडा कमी अस्सल असायला हवा होतो. एक श्वास घेऊन 'बरं झालं सांगितलंस' एवढं म्हणायला हवं होतं, मग ते क्षणभर मनापासून नसतं तरी चाललं असतं.

विश्वास म्हणजे नेमकं काय, यावर १९९५ मध्ये मेयर, डेव्हिस आणि शूर्मन या तीन संशोधकांनी केलेली मांडणी मला कामाची वाटते. आपण कोणावर विश्वास टाकतो तेव्हा तीन गोष्टी बघतो, असं ते म्हणतात: त्याला काम येतं का, त्याला आपल्याबद्दल आपुलकी आहे का, आणि तो तत्त्वाला धरून वागतो का. गोव्यात आपण आपुलकीवर फार भिस्त ठेवतो. आपली माणसं ओळखीची, गावची, देवळाच्या जत्रेला भेटणारी. साहेब मुलाच्या मुंजीला येऊन जातात, चवथीला घरी फोन करतात. हे मोलाचं आहे आणि मला ते गमवायचं नाही. पण याच आपुलकीच्या जोरावर 'आम्ही सगळे एक कुटुंब' हे वाक्य उभं राहतं, आणि ते मी ज्या ज्या वेळी ऐकलं त्या त्या वेळी समोरच्याकडून काहीतरी जास्तीचं हवं होतं. ऑडिट तोंडावर आलं, रविवारी या. माल पाठवायचा आहे, डबल पाळी करा. कुटुंबात मुलाने काच फोडली तर त्याचं कंत्राट संपत नाही. ज्या नात्यात ते संपू शकतं त्या नात्याला कुटुंब म्हणू नये, कारण ऐकणाऱ्याला हा फरक चांगला कळतो आणि मग साहेबांच्या पुढच्या वाक्यावरचा विश्वासही तेवढाच उतरतो.

व्यवस्थापकांच्या बैठकीत हमखास येणारी एक तक्रार असते: 'आमचे लोक बोलतच नाहीत. विचारलं की मान डोलावतात.' काही जण त्याला स्वभाव म्हणतात, काही शिक्षण कमी म्हणून सोडून देतात. हे खरं नाही, आणि खरं नाही हे गोव्यात राहणाऱ्या कोणालाही सहज पडताळून बघता येईल.

आमच्या गावात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं. गोव्यातल्या कितीतरी गावांत होतं. दोन महिने आधी देवळाच्या मंडपात रात्री तालमी सुरू होतात. पाळी सुटली की माणसं जेवून थेट तिथे येतात. आमच्या नाटकात एक गृहस्थ राजाचं काम करतात. दिवसा ते एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर हेल्पर आहेत. कंपनीतल्या बैठकीत गेल्या अकरा वर्षांत आपण एकदाही तोंड उघडलेलं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. तेच गृहस्थ तालमीत दिग्दर्शकाला अडवतात. 'हो प्रवेश ह्या जाग्यार बसना,' असं सरळ तोंडावर सांगतात. दिग्दर्शक वाद घालतो, कधी ऐकतो, कधी ऐकत नाही, पण उद्या तुमची भूमिका काढून दुसऱ्याला देतो असं कधी होत नाही. जत्रेच्या रात्री कोणी वाक्य विसरलं तर विंगेतून प्रॉम्प्टर ते पुरवतो, समोरचा नट दोन शब्द पदरचे घालून सांभाळून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चहाच्या टपरीवर हसणं होतं. वाक्य विसरणारा त्या हसण्यात सामील असतो. पाचशे माणसांपुढे वाक्य विसरायची ज्याला भीती वाटत नाही, त्याला दहा माणसांच्या बैठकीत 'हा लेबल चुकीचा येतोय' म्हणायची भीती वाटते. माणूस तोच, संध्याकाळी सहाच्या आतला आणि सहानंतरचा. मग स्वभावाला दोष कसा द्यायचा?

भाषेचाही यात मोठा वाटा आहे आणि त्याकडे कोणी बघतच नाही. आमच्या शॉप फ्लोअरवर कोंकणी चालते, ओडिशा-झारखंडकडून आलेल्यांशी हिंदी, चहाच्या सुट्टीत मराठी पेपर हातोहात फिरतो. पण डेव्हिएशनचा फॉर्म इंग्रजीत. काय घडलं, कसं घडलं, तुमच्या मते कारण काय, हे सगळं इंग्रजीत लिहायचं. ज्याने जाळी तुटलेली पाहिली त्याला ते लिहिता येत नाही, म्हणून सुपरवायझर लिहितो. सुपरवायझरच्या हातून जाताना घटनेतला माणूस गळून पडतो आणि 'सदर ऑपरेटरने' सुरू होतं. फॉर्म आपल्या भाषेत भरून घेऊन मग भाषांतर करून जोडण्याने काम अडत नाही. मी सध्या आहे तिथे आम्ही हे दीड वर्षं करतो आहोत. पहिल्या महिन्यात एका बाईंनी मराठीत दोन पानं लिहून दिली. त्यात यंत्राच्या ज्या बिघाडाची तक्रार होती तो आधीच्या तीन अहवालांत 'ऑपरेटरची चूक' या नावाखाली निकालात निघालेला होता.

हा 'ऑपरेटरची चूक' प्रकार औषधधंद्याला नवा नाही. युरोपच्या औषधनिर्मितीच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे की मानवी चूक हे मूळ कारण धरायचं असेल तर त्याचं समर्थन द्या, आणि कार्यपद्धतीतले किंवा व्यवस्थेतले दोष नजरेआड झालेले नाहीत याची खात्री करा. निरनिराळ्या देशांच्या औषध तपासनीसांची 'पिक्स' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०२१ मध्ये नोंदींच्या खरेपणाबद्दल जी मार्गदर्शिका काढली तिच्यात कारखान्यांच्या मोकळ्या आणि बंदिस्त संस्कृतीतला फरकच मांडला आहे. हाताखालचा माणूस वरच्याला प्रश्न विचारू शकतो आणि चूक पूर्णपणे कळवणं हे कामाचाच भाग मानलं जातं, ती मोकळी. जिथे वाईट बातमी सांगणं अवघड असतं ती बंदिस्त, आणि तिथे तेवढाच खरेपणा मिळवायला देखरेख वाढवावी लागू शकते. पहाऱ्याला पैसे पडतात, कॅमेऱ्यांना पैसे पडतात. जे मालक विश्वासाला मऊ, बायकी, एचआरच्या अखत्यारीतला विषय समजतात त्यांनी ती पानं वाचावीत.

आणि शून्याचा मोह सोडावा. कारखान्यांच्या गेटवर फलक असतात, 'शेवटच्या अपघाताला इतके दिवस झाले'. आकडा वाढला की मिठाई वाटतात. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या वॉर्डांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले, चांगल्या वॉर्डांत चुका जास्त. नीट पाहिल्यावर उलगडा झाला की तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या. माझ्या त्या चौदा महिन्यांचा उलगडा मला हे वाचल्यावर झाला. शून्य हा आकडा बघून मी मिठाई खाल्ली होती.

कंत्राटी कामगारांचा विषय काढल्याशिवाय हे बोलणं अपुरं राहील. आमच्याकडे कायम माणसांच्या ओळखपत्राची दोरी निळी आणि कंत्राटींची पिवळी. एका लाइनवर दहा माणसं उभी असतील तर त्यांतल्या सहा-सात जणांच्या गळ्यात पिवळी असते. सकाळच्या पाळी-बैठकीला निळी दोरी बोलावली जाते, पिवळी कामाला लागलेली असते. यंत्राला हात पिवळ्या दोरीचे लागतात. बिघाड पहिल्यांदा दिसतो तो त्यांना. पण त्यांची कंत्राटं ठरावीक महिन्यांनी पुन्हा लिहिली जातात आणि कंत्राटदाराला एक फोन पुरतो. हे सगळ्यांना माहीत असताना 'मोकळेपणाने बोला' असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

गोव्यातल्या खाडीकाठच्या खाजनशेतीचे बांध ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारा चिखलमातीचा बांध, त्यात मानस, म्हणजे पाण्याची वाट राखणारी दारं. भरतीचं पाणी लोटलं की मानशीची दारं आपोआप मिटायची आणि ओहोटीला उघडायची. असला बांध कुर्लीने पाडलेल्या बोटभर भोकाने फुटू शकतो. ते भोक ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याने तिथल्या तिथे हाक मारायची असते, मग तो कोण का असेना. गावाने मिळून शेती राखायच्या जुन्या गावकरी पद्धतीत हे चालत होतं, कारण बांधाआड सगळ्यांचं कोरगूट, म्हणजे खाऱ्या जमिनीत येणारं भात होतं. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांध राखायची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. कायदा न्यायाचाच होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण हळूहळू शेती सुटत गेली, मानशीवरच्या मासळीच्या लिलावाला भाताहून जास्त भाव आला, आणि कितीतरी गावांत बांधाचं भोक दिसूनही हाक मारणारं कोणी उरलं नाही. ज्याचं आत काही नाही, त्याचा डोळा भोकावर ठरत नाही. पिवळ्या दोरीवाल्याला आपण बांधाच्या बाहेर उभं केलंय आणि राखणीची अपेक्षा मात्र करतो आहोत.

मला ठाऊक आहे की शिफ्ट इन्चार्ज किंवा प्लांट हेड कंत्राटं बदलू शकत नाही. त्याच्यावर मुंबई-हैदराबादहून फोन येत असतात आणि त्याचीही नोकरी कोणाच्या तरी हातात असते. पण तो पिवळ्या दोरीला सकाळच्या बैठकीत बोलावू शकतो. चूक सांगणाऱ्याचं कंत्राट त्या कारणाने थांबणार नाही, असं कंत्राटदाराकडून लिहून घेण्याचा आग्रह धरू शकतो. आणि ज्या गोष्टी त्याच्या हातात नाहीत त्या नाहीत, असं तोंडावर सांगू शकतो. हे शेवटचं सगळ्यांत अवघड जातं.

कारण साहेबाला सगळं माहीत असावं अशी आपली अपेक्षा असते, आणि साहेबही ती पुरी करायला बघतो. २०१२च्या सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, पाठोपाठ राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. तेव्हा डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. 'पंधरा दिवसांत सुरू होईल' हे वाक्य त्या काळात इतक्या तोंडांतून ऐकलं की त्याचा अर्थच गेला. त्या पंधरा दिवसांवर भरवसा ठेवून लोकांनी ट्रकचे हप्ते भरायला सोनं गहाण टाकलं. माझ्या नात्यातले एक जण तेव्हा एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. दर शनिवारी ते आपल्या मेकॅनिकांना शेडखाली जमवायचे आणि तीनच गोष्टी सांगायचे. या आठवड्यात मला काय कळलं, काय कळलं नाही, आणि पगार कुठल्या तारखेपर्यंतचा नक्की आहे. 'पुढचें म्हाका खबर ना' हे वाक्य ते दर शनिवारी बोलायचे. काही जणांना त्यांचा राग यायचा, दुसऱ्या वर्कशॉपातला फोरमन बघा कसा धीर देतो, असं म्हणायचे. पण त्या धीराला भुलून बसून राहिलेल्यांपेक्षा यांची माणसं आधी दुसरीकडे कामाला लागली, कोणी गॅरेज काढलं, कोणी मुरगाव बंदराकडे गेलं. ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण-लीजांचं (खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थांबल्या. तेव्हा निवृत्त झालेल्या या फोरमनच्या घरी जुने मेकॅनिक विचारायला आले होते. त्यांच्याकडे माहिती कुठली असणार? ती माणसं तरी आली.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो बिनबुडाचा नाही. चूक सांगणाऱ्याला माफ करत गेलो तर शिस्त कुठे राहील? मी हे दोन्ही वेगळं धरतो. जाळी न तपासता तपासली म्हणून सही करणं हा खोटेपणा आहे. ती गोळी कोणाच्या तरी आईच्या पोटात जाते. त्याला माझ्याकडे माफी नाही आणि नसावी. पण तपासली, तुटलेली दिसली आणि येऊन सांगितलं, यात शिक्षा करण्यासारखं काय आहे? आपण बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं करतो. सांगणारा चौकशीत सापडतो आणि गप्प सही करणारा सुटतो. मग पुढच्या वेळी माणूस काय करेल हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

डिचोलीचा तो मुलगा माझ्या त्या वाक्यानंतर सात-आठ महिन्यांनी नोकरी सोडून गेला. कारण घरगुती सांगितलं. मी त्याची माफी मागितली ती खूप नंतर, म्हापशाच्या बाजारात अचानक भेटला तेव्हा. त्याने 'तें सोडचें सर' म्हणून विषय बदलला. मी तरी काय बोलणार होतो?

आता सकाळी सहाच्या हँडओव्हरला माझा पहिला प्रश्न उत्पादनाच्या आकड्याचा नसतो. रात्री काय बिघडलं, हे आधी विचारतो आणि मग थांबतो. सुरुवातीचे कित्येक आठवडे 'कांय ना सर' एवढंच उत्तर यायचं. गेल्या महिन्यात पिवळ्या दोरीतल्या एका मुलीने हात वर केला. काउंटिंग मशीन अधूनमधून एक गोळी कमी मोजतं, तीन रात्री झाल्या, आपण हाताने मोजून पाहिलं, असं म्हणाली. तिच्याजवळ एका जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनने लिहिलेले आकडे होते. नियमाप्रमाणे नोंद अशी पुठ्ठ्यावर करायची नसते, आणि ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी तिला म्हटलं, चल, दाखव. आम्ही लाइनवर गेलो. तिचं मोजणं बरोबर होतं. लाइन थांबवली, दीड पाळीचा माल पुन्हा मोजावा लागला, दुपारी मला वरून फोन आला आणि मी जे घडलं ते सांगितलं. फॉर्म तिने कोंकणीत भरला, खाली स्वतःची सही केली.

तिचं कंत्राट या महिनाअखेरीला संपतं. ते पुढे चालू ठेवावं असं पत्र मी एचआरला दिलंय, सोबत तो पुठ्ठाही जोडलाय. दोनदा आठवण केली. अजून उत्तर आलेलं नाही. लाइनवरची बाकीची मुलं मला रोज विचारतात, तिचं काय झालं.